तेलात कालवलेलं कुंकू

दाजी, तुमचं तेरावं झालं. जेवण नीट पार पडलं, कुणी रुसलं नाही, पत्रावळी कमी पडल्या नाहीत. लोक तुमच्याबद्दल भरभरून बोलले. असा नावाडी गोदाकाठी पुन्हा व्हायचा नाही, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, खोटा शब्द म्हणून कधी तोंडातून काढला नाही माणसानं. तिथं माझा घास अडकला. ठसका लागला तसं शेजारच्यानं माझ्या पाठीवर हात फिरवला. त्याला वाटलं, मेव्हण्याला रडू आलं.

रडू आलं नव्हतं. राग आला होता आणि तो अजून आहे. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, ही रीत मला ठाऊक आहे. मी तुमचं वाईट बोलत नाही, तुमच्याशी बोलतोय. सहा वर्षं मी तोंड उघडलं की तुम्ही उठून नावेकडे जायचात. आता तुम्हाला उठता यायचं नाही, म्हणून ऐका.

मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं. घाटावर, चार माणसांदेखत म्हणायचं, 'माझ्या मेव्हण्यानं पेट्रोलमध्ये पाणी घातलं नव्हतं.' एवढं बोलायला किती वेळ लागतो? विडी पेटवायला तुम्हाला याहून जास्त वेळ लागायचा. पण तुम्ही बोलला नाहीत आणि मी 'पाण्या मिस्त्री' झालो. इथला घाट सोडून मी पार भोकरदनला गेलो, पिठाच्या गिरणीवर लागलो, तर तिथंही वर्षभरात ते नाव पोचलं. दळण घेऊन आलेली बाई हसत विचारायची, 'मिस्त्री, पिठात तर पानी घालत न्हाई ना?' मी हसायचो. घरी आलो की बायकोवर चिडायचो.

तुमचं न् माझं वाकडं त्या दसऱ्यापासून नव्हतं, आधीपासूनच होतं. घाटाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं नावेवर इंजिन बसवायचं ठरवलं तेव्हा तुम्ही दोन दिवस घरात बोलला नव्हतात. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या मोटारीचं ते इंजिन. जालन्याहून बैलगाडीत घालून आणलं आणि सोबत मला आणलं. आक्काला आनंद झाला, भाऊ जवळ राहायला आला म्हणून. तुम्ही इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलंत, "दोन्हीपैकी आधी कोन बंद पडतं?"

सगळे हसले. मीही हसलो, पाहुणा होतो ना.

इंजिनाला तुम्ही कधी इंजिन म्हणाला नाहीत. 'खोकलं' म्हणायचात. "तुझं खोकलं उठलं का रं दत्तू?" असं रोज सकाळी. मी टाकीत पेट्रोल ओतायला लागलो की शिडाच्या दोऱ्या आवळत तुम्ही मोठ्यानं म्हणायचात, "वाऱ्याला टाकी लागत न्हाई." उतारूंना ते फार आवडायचं. तुमच्या आज्यापासून त्या घाटावर शिडाची नाव चालत आलेली आणि माझ्या पाठीमागे कापसाच्या जिनिंगमधली चार वर्षं न् एका मोटार कारखान्यातली तीन. मी म्हणायचो, वारा पडला की कळेल. वारा पडला की तुम्ही वल्हं उचलायचात आणि माझ्याकडे बघायचातसुद्धा नाही.

एक कबूल करतो, इंजिन खरोखर बंद पडायचं. लढाईचे दिवस, पेट्रोल परवान्यावर मिळायचं आणि मिळायचं ते कसलं! डब्यात तळाशी गंज, कधी रॉकेलचा वास, कधी पाणी. मी प्रत्येक डबा मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचो. तरी मधल्या काचेच्या वाटीत पाण्याचे मणी साठायचे. ते काढायचे, जाळी धुवायची, कार्बोरेटरची बारीक भोकाची सोंगटी काढून फुंकायची, परत बसवायची. एकदा आषाढात तुम्हीच डब्याचं बूच उघडं टाकून त्यावर घोंगडी वाळत घातलीत. पाऊस आला आणि अर्धा डबा पाणी झाला. मी ओरडलो तर म्हणालात, "पान्याचं पेट्रोल व्हत न्हाई, पन पेट्रोलचं पानी व्हतं. तुझ्या मशीनीचा दोस हाय." भर पावसात, पेट्रोलमध्ये हात बुडवून मी उभा होतो आणि आक्का दारात तोंडाला पदर लावून हसत होती. ते हसू आठवलं की आजही तुमच्यावरचा राग जरा सैल होतो. फार नाही.

जालन्याच्या माझ्या उस्तादांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. इंजिन पेट्रोलसाठी अडलं तर घाई करायची नाही. "पेट्रोल जिधर से चला, तू भी उधर से चल. बीच में कूद मत." आधी टाकीचं टोपण, मग टाकी, मग नळी, मग जाळी, मग सोंगटी. पेट्रोल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं आपणही जायचं. हे तुम्हाला मी दहादा सांगितलं होतं. तुम्ही म्हणायचात, पेट्रोलला वाट दाखवायला मिस्त्री लागतो, पाण्याला नावाडी लागत नाही. काही अर्थ नसायचा त्या बोलण्यात, पण लोक हसायचे.

आता दसऱ्याचं.

खंडेनवमीला मी घाटावर नव्हतो. पेट्रोलचे डबे आणायला जालन्याला गेल्तो. दसऱ्याच्या सकाळी परत आलो तर नावेची पूजा झालेली होती. डोलकाठीला, वल्ह्यांना, सुकाणूला कुंकवाची बोटं ओढलेली. तुमच्या घरची रीत मला माहीत होती. नदीवरच्या वाऱ्यानं कोरडं कुंकू उडून जातं, म्हणून तुमच्याकडे ते तेलात कालवून लावतात. खंडेनवमीला आपापल्या हत्याराची पूजा करायची आणि त्या वर्षी इंजिनही हत्यारांत आलेलं. त्याच्या अंगावरही बोटं ओढलेली दिसली. मला बरं वाटलं. कुंकू लावायचं काम आक्काचं, तिनं माझ्या इंजिनालाही मान दिला, असं वाटलं.

तुम्हाला सोडून सोळा माणसं होती नावेत. सणाचा दिवस, पैलतीरावर जायची सगळ्यांना घाई. आष्टीचा तो कापडविक्या तरुण तुमच्या जवळच काठावर बसला होता. कापडाचं गाठोडं पाठीला बांधलेलं. उतरवून ठेव, असं तुम्ही त्याला म्हणालात. तो म्हणाला, भिजल. वारा अजिबात नव्हता. पाणी मोठं होतं, वर कुठं तरी परतीचा पाऊस झालेला. शीड गुंडाळलेलं. मी इंजिन चालू केलं आणि ते पहिल्या फेऱ्यात उठलं. मी तुमच्याकडे बघून मिशीवर हात फिरवला, हे तुम्हाला आठवत असेल.

मधल्या धारेत ते खोकलं. मग पुन्हा खोकलं आणि बंद पडलं.

मला वाटलं, पाणी. परत पाणी. मी सरळ काचेच्या वाटीवर गेलो. वाटी स्वच्छ होती. जाळी पाहिली, स्वच्छ. नळीचा आटा सैल केला, तर चार थेंब पडले आणि थांबले. नळीत कचरा अडकलाय म्हणून ती सोडवायला बसलो. नाव आडवी होत होती. तुम्ही ओरडलात, "सोड ते! वल्हं घे!" मी म्हणालो, एक मिनिट. ते एक मिनिट माझं आहे, दाजी. ते मी कुणावर ढकलत नाही. मी बीच में कूदलो. आधी टोपण उघडलं असतं तर तेवढ्यावर इंजिन चाललं असतं.

खालच्या बाभळींच्या बुंध्यांवर नाव आदळली. तो पोरगा गाठोड्यासकट मागे पडला. गाठोडं भिजलं आणि त्याला खाली घेऊन गेलं.

तुम्ही उडी घेतलीत. चारदा बुडी मारलीत. चौथ्या वेळी वर आलात तेव्हा तुमच्या हातात कापडाचं एक टोक होतं, बाकी काही नव्हतं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. तुम्ही ओल्या अंगानं नावेत चढलात, शीड अर्धं उभं केलंत आणि पंधरा माणसं काठाला लावलीत. माझे हात चालत नव्हते. मी वल्हं धरून नुसता बसलो होतो. ही पंधरा माणसं तुमची आहेत, यात वाद नाही. मी त्यांतला एक. मला पोहायलाही तुम्हीच शिकवलं होतंत, केसांना धरून, शिव्या देत, पहिल्याच उन्हाळ्यात. त्याबद्दल तोंडानं कधी बोललो नाही, आता बोलतो. उपकार झाले.

माणसं उतरून ओरडत, रडत काठानं खाली धावली, त्याला शोधायला. तुम्हीही त्यांच्यात होतात. निदान मला तरी तसंच वाटलं. मी नावेत एकटा होतो. तेव्हा उस्तादांचं बोलणं आठवलं आणि मी टाकीचं टोपण फिरवलं. आत हवा शिरल्याचा आवाज आला, लांब, श्वास घेतल्यासारखा. मी टोपण उलटसुलट करून पाहिलं. टोपणाच्या मधोमध हवेसाठी सुईच्या टोकाएवढं भोक असतं. टाकीतलं पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत जाते. ती गेली नाही तर पेट्रोल टाकीत असून खाली उतरत नाही. ते भोक तेलकट कुंकवानं गच्च बुजलेलं होतं. पितळी गोल टोपण, इंजिनाच्या सगळ्यात वर. कुणालाही ते कपाळच वाटलं असतं.

मी काठावरच्या बाभळीचा काटा तोडला आणि ते भोक मोकळं केलं. टोपण धोतराच्या सोग्यानं पुसून काढलं. कुंकवाचा मागमूस ठेवला नाही.

का? तर आक्का. माझ्या बहिणीच्या बोटानं एका आईचं लेकरू गेलं, हे घाटावर कळलं असतं तर लोकांनी तिला जगू दिलं नसतं. लोकांचं सोडा, ती स्वतःच जगली नसती. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी परतूरहून पोलिसांचे अमीनसाहेब आले. पंचनामा झाला. तुम्ही हात जोडून उभे राहिलात आणि म्हणालात, "हुजूर, पेट्रोलमधी पानी व्हतं. ते काम ह्येच्याकडं हाय." बोट माझ्याकडे. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो. तुम्हाला माहीत नाही म्हणून असं बोलताय, असं मला वाटलं. मी म्हणालो, पाणी नव्हतं. अमीनसाहेबांनी विचारलं, "फिर क्या था?" मी खाली बघितलं. खाली बघणारा माणूस चोरच दिसतो.

पाच दिवस मी परतूरच्या कचेरीत बसून होतो. पाचव्या दिवशी अमीनसाहेबांनी आमच्या टाकीतलं पेट्रोल आणवलं, परातीत ओतलं आणि काडी लावली. भडकन पेटलं. "ये तो बराबर जल रहा है," असं म्हणून त्यांनी मला सोडलं. मी घाटावर येऊन हे तुम्हाला सांगितलं. म्हटलं, सरकारनं जाळून बघितलं, पाणी नव्हतं. तुम्ही विडी ओढत होतात. म्हणालात, "मंग पोरगा कशानं मेला? वाऱ्यानं?" आणि उठून गेलात.

त्या दिवसापासून तुम्ही उठून जायला लागलात. दिवाळीला आलो, उठून गेलात. भाचीच्या लग्नात माझ्या पंक्तीतून उठलात. मी आक्कासाठी गप्प होतो, पण तुमच्यासमोर आलो की जीभ शिवशिवायची. वाटायचं, फक्त तुम्हाला सांगावं. मग वाटायचं, तुम्ही बायकोला बोलाल. तुमच्या तोंडाचा मला भरवसा नव्हता.

आणि आष्टीचा तो म्हातारा. पोराचा बाप. दर दसऱ्याला तो घाटावर येऊन बसायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. चार वर्षांमागे मीही आलो होतो. त्यानं मला जवळ बोलावलं. शिवी दिली नाही, ओरडला नाही. माझा हात धरून म्हणाला, "खरं सांग, बाबा. पानी व्हतं का त्येच्यात? मला फकस्त कळू दे. मी कुनाला सांगनार न्हाई." तुम्ही दहा पावलांवर वल्ह्याला डांबर लावत होतात. तुम्ही ते ऐकलंत. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डांबर लावत राहिलात.

मी त्याला काही सांगितलं नाही. हात सोडवून घेतला आणि निघालो. माझ्या आयुष्यात याहून हलकं काम मी केलेलं नाही.

तुमचं दुखणं कळलं तेव्हा मी यायला हवं होतं, असं आक्का म्हणते. निरोप तुम्ही पाठवायला हवा होता, असं मी म्हणतो. मला वाटत होतं, शेवटी तरी बोलवाल. मी गिरणीच्या दारात बसून वाट पाहिली, खरंच सांगतो. बोलावणं आलं ते राखेला. अंगणात तुमची विड्यांची पिशवी खुंटीला होती. ती बघून मला हुंदका आला आणि मला त्याची लाज वाटली.

परवा तेराव्याची माणसं पांगली. मी ओट्यावर बूट घालत होतो. आक्का येऊन बसली. तिनं विचारलं, "दत्तू, इंजनाच्या टोपनाला भोक असतंय का रं?"

माझा हात बुटातच राहिला. "कशाला विचारतीस?"

"असंच. तू कचेरीत व्हतास तवा मी नावेवर गेल्ते, कुंकू लावाया. पूजेच्या दिवशी मला लावता आलं न्हवतं ना."

"का? तूच तर केली पूजा."

"म्या कुठली? मी बाजूला बसल्ते की तवा. चार दिस. त्येनीच केली समदी. खोकल्याला बी लावलं कुंकू. मला म्हनले, कुनाला सांगू नको, दत्तू हसंल."

बहीण बाजूला बसली, हे भावाला कोण सांगतं?

"मंग मी टोपनाला बोट लावाया गेले, तर त्येनी माझा हात धरला. म्हनले, टोपनाला नगं. भोक बुजतंय. मी म्हनलं, कसलं भोक? तर काठावर जाऊन बसले. लई येळ बसले."

दाजी, इंजिनाच्या कुठल्या भागाला काय म्हणतात, हे तुम्हाला मरेपर्यंत माहीत नव्हतं. त्या भोकाविषयी घाटावर माझ्याशिवाय कुणाला माहिती नव्हती आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे तुम्ही खाली धावला नव्हतात. कुठं तरी बाभळीआड उभे राहून तुम्ही मला बघितलंत. काटा, भोक, पुसलेलं टोपण, सगळं. आणि दुसऱ्या दिवशी हात जोडून अमीनसाहेबांना म्हणालात, पाणी होतं.

परवापासून मी हेच उलगडतोय. मी ते कुंकू का पुसलं, याचा तुम्ही काय अर्थ लावलात, ते आता मला कळतं. तुम्हाला वाटलं, मी तुम्हाला वाचवलं. ज्याला वर्षभर हसलात, त्या मेव्हण्यानं तुमची अब्रू मुठीत धरली आणि गप्प बसला. ते तुम्हाला सोसलं नाही. मी खाली गेलो तरच तुम्हाला वर मान करता येणार होती. म्हणून मला पाहिलं की उठून जायचात.

तर आता नीट ऐका. तुमच्यासाठी मी एक क्षणही गप्प बसलो नसतो. तुमचं बोट होतं हे मला कळलं असतं, तर त्याच दिवशी भर घाटावर ओरडून सांगितलं असतं. मी माझ्या बहिणीला झाकत होतो. तुम्ही माझे सहा वर्षं ऋणी राहिलात आणि ते ऋण मी तुम्हाला कधी दिलंच नव्हतं. एकदा नुसतं विचारलं असतंत, 'दत्तू, का पुसलंस?' तर दोघंही सुटलो असतो. आणि तो म्हाताराही.

आक्काला मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. पदरानं तोंड दाबून घेतलं आणि रडली. तुमच्यासाठी रडली की माझ्यासाठी, मी विचारलं नाही. मग म्हणाली, "म्हातारा अजून हाय का आष्टीला?"

"आहे."

"मंग मी बी येते."

उद्या आम्ही निघतोय. त्याच्या दारात बसून सांगणार आहे, पाणी नव्हतं, बाबा, कुंकू होतं. ते कुणी लावलं आणि कुणी पुसलं, दोन्ही सांगणार आहे. आधी तुमचं नाव घेईन, दाजी. तुम्ही मोठे आहात.